जुळ्या घराची डावी बाजू

३ मार्च, मंगळवार

घर बघून आले. जुळं घर आहे – एका छपराखाली दोन घरं, मधे एक भिंत. दारं दोन, अंगणं दोन, सगळं दोन-दोन. दोन्ही बाजू विकायच्या आहेत. दलाल सांगत होता, "बंगल्याचा थाट, फ्लॅटच्या भावात." माझं लक्ष नव्हतं. मी डाव्या बाजूच्या स्वयंपाकघरात उभी होते. त्याला म्हटलं, जरा पलीकडे जाऊन बोला. बिचारा गेला. "काय बोलू?" असं त्याने विचारलेलं भिंतीतून ऐकू आलं. स्पष्ट नाही, पण ऐकू आलं.

डावी मला, उजवी ताईला.

८ मार्च, रविवार

ताईला फोन केला. भावजी गेल्यापासून ती मुलाकडे असते, इथून दिवसभराच्या प्रवासावर. ती लग्न होऊन गेली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर आम्ही बहिणी म्हणजे फक्त पाहुण्या – आलो, चार दिवस राहिलो, निघालो. म्हातारपणी शेजारी-शेजारी राहायचं, हे मात्र तेव्हाच ठरलेलं.

घराचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघू." ताईचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे मला साठी आली तरी कळत नाही.

११ मार्च, बुधवार

आमच्या शिवणकारखान्यात मी कापड कापते, शेजारच्या टेबलावर बटणवाली काजं-बटणं करते. ती अशाच जुळ्या घरात राहते, म्हणून तिला विचारलं. "फायदा एकच," ती म्हणाली, "चोर आला तर भिंत ठोकता येते. बाकी त्या अंगाला खिडकी नाही, मधली खोली दिवसाही अंधारी. पलीकडच्याने छप्पर दुरुस्त केलं नाही की गळणार आपल्याकडे. आणि शेजाऱ्याचा खोकला पाठ होतो, बाई."

ती तक्रार करत होती. मला हेवा वाटला. माझ्या खोलीत कुणी खोकलं तर ती मीच असते.

१५ मार्च, रविवार

पुन्हा जाऊन बघितलं. मधली खोली खरंच अंधारी आहे. दिवा लावावा लागेल. लावू.

भिंत हवी, हे माझं पक्कं होत चाललंय. ताईला पंखा जोरात लागतो, मला थंडी वाजते. ती उठल्या उठल्या बोलायला लागते, मला चहा पोटात गेल्याशिवाय कुणाचा शब्द खपत नाही. इतकी वर्षं एकटी राहून मी तिरसट झालेय. एका घरात आमचं आठवड्यात बिनसेल. आणि तिनेही जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्या. आता स्वतःचं दार असू दे की. वाटेल तेव्हा उघडावं, वाटेल तेव्हा लावावं.

निघताना दलाल म्हणाला, उजवी बाजू एक जोडपं बघून गेलं.

१६ मार्च, सोमवार

भाच्याचा फोन. "मावशी, आईला या वयात एकटं कशाला ठेवायचं?"

"एकटी कशी? मी आहे ना भिंतीपलीकडे."

"म्हणजे पलीकडेच ना," तो म्हणाला. वाईट नाही तो. आईला जपतो.

ताईला फोन द्यायला सांगितलं. "नको गं ते घर," ती म्हणाली. "तू घे, तुझ्यापुरतं." किती सहज! वाढताना हात आडवा धरून 'पुरे' म्हणावं, तसं.

मी "बरं" म्हटलं.

२१ मार्च, शनिवार

उजवी बाजू गेली. त्या जोडप्याने घेतली.

२४ मार्च, मंगळवार

तरीही डावी बाजू घ्यावी का? कामावरून परस्पर तिकडे गेले. पलीकडे ती दोघं भिंतीला कुठला रंग द्यायचा यावरून वाद घालत होती, मधूनच हसत होती. मी इकडे भिंतीला हात लावून उभी. दलालाने हाक मारली तेव्हा भानावर आले.

त्याला नाही म्हणून सांगितलं. "का हो, घर पसंत नाही?"

घर पसंत होतं. कुणाची तरी चाहूल हवी होती, हेही खरं. पण ती कुणाचीही चालणार नव्हती. हे दलालाला काय सांगायचं? "अंधार फार आहे," म्हटलं.

२९ मार्च, रविवार

सकाळी दार वाजलं. ताई! मागे भाचा, दोन्ही हातांत तिच्या बॅगा.

"तू तर नको म्हणालीस."

"ते घर नको म्हटलं. मधे भिंत असलेलं घर मला कशाला? इतकी वर्षं मधे गावंच्या गावं होती, तेवढं पुरे झालं."

खाट एकच आहे. प्रवासाने दमून ती माझ्या उशीवर झोपलीये. मी खाली, फरशीवर बसून हे लिहितेय.