जाळीतला बोळा

बाबा, आज मला तुमचा फार राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसावर कसलं रागवायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. नॉटिंगहॅमच्या घरात तुम्ही आईला लावलेली एक सवय इथे कार्डिफला, माझ्या घरात, तिच्या जिवावर उठली होती, आणि ते मला आज सकाळी कळलं. तुम्ही असतात तर समोर बसवून जाब विचारला असता. नाही आहात, म्हणून लिहिते आहे.

आई आता माझ्याकडे असते. स्वयंपाकघराला लागून मागे वाढवलेल्या खोलीत तिचा पलंग, तिची खुर्ची आणि उबेसाठी पेलेट स्टोव्ह. हा प्रकार तुम्ही पाहिलेला नाही. भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या वरच्या डब्यात ओतायच्या, त्या थोड्या थोड्या खाली पडतात आणि जळतात. आतला पंखा धूर ओढून नळीने बाहेर टाकतो. ही ओढ कमी पडली, त्याच्या भाषेत व्हॅक्युम कमी झाला, की स्टोव्ह कांड्या टाकणं थांबवतो, किंचाळतो आणि विझतो. धूर खोलीत येऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती, बिघाड नाही. पण या हिवाळ्यात तो ऊठसूट विझायला लागला. मी कामावरून येते तर आई कोट घालून, गुडघ्यांवर रजई घेऊन बसलेली. "मशीनला माझा कंटाळा आलाय," म्हणते आणि खोकत राहते. तिची छाती कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. माहीत असायला हवं.

मी काय नाही केलं? राख उपसली, धुराची नळी ब्रशने घासली, स्टोव्हच्या दारात कागद अडकवून तो ओढून पाहिला, म्हणजे दाराची सील घट्ट आहे की नाही ते कळतं. शेवटी इंजिनियरला बोलावलं. तो आला की स्टोव्ह शहाण्या मुलासारखा जळायचा. "नथिंग राँग विथ इट, लव्ह. ड्रॉइंग ब्यूटिफुली," म्हणजे ओढ झकास आहे, असं म्हणून तो चहा पिऊन जायचा, आणि संध्याकाळी पुन्हा किंकाळी. मग त्याने सील बदलली. मग सेन्सर बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी. गेल्या खेपेला त्याने आईकडे एक नजर टाकून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमची मम बटणांशी काही करत नाही ना?" मी उसळले. माझी आई बटणाला बोटसुद्धा लावत नाही, असं त्याला सुनावलं. पण जाताना तो म्हणाला, "आज नुसता विझतोय. उद्या धूर आत आला तर? आय वुडन्ट लीव्ह हर इन दॅट रूम." आईला जिना चढवत नाही. त्या खोलीतून तिला हलवायचं म्हणजे म्हाताऱ्यांच्या होममध्येच. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तरी तिने ते ताडलं असावं, कारण जेवताना ती फार गोड बोलायला लागली होती.

आज शनिवार, मी घरीच. आई आमटी करत होती. तेल तापलं, तिने गॅसवरचा एक्झॉस्ट फुल केला, मोहरी तडतडली, आणि लगेच स्टोव्ह किंचाळला. मी जागच्या जागी उभी राहिले. मला तुमची हॉस्पिटलची लॅब आठवली. मी शाळकरी आहे, सुट्टी आहे, तुम्ही मला काम दाखवायला नेलंय. वाफा ओढून घेणाऱ्या त्या काचेच्या कपाटापाशी तुम्ही टिश्यूची पट्टी धरता, ती आत झुकते. मग मला खोलीचं दार लावायला सांगता आणि पट्टी मलूल होते. "अगं वेडे, हवा आत आल्याशिवाय बाहेर कशी जाईल?" तुम्ही हसता. मला तुम्ही जगातले सगळ्यात हुशार वाटता.

मी किचन रोलचा तुकडा फाडला आणि आईच्या खुर्चीमागे, भिंतीत खाली हवेची जाळी आहे, तिच्यापुढे धरला. स्टोव्हला आणि घराला हवा मिळावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. तुकडा हललासुद्धा नाही. बाहेरून हवाच येत नव्हती, आणि घरात होती ती एक्झॉस्ट ओढून नेत होता. जाळी उचकटली तर आत आईच्या जुन्या सुती साडीचा बोळा, दाबून ठासलेला.

"आई, हे काय?"

"अगं, फोडणीचा वास नेक्स्ट डोअरला जातो. जाळीपलीकडे त्यांचं पॅटिओच आहे, बाहेर बसतात ती तिथे. स्वयंपाक करताना बोळा घालायचा, ह्यांनीच लावलंय ना तसं."

"आणि इंजिनियर येतो तेव्हा?"

"तेव्हा काढते की! कुणी यायचं म्हणजे घराला जरा वारा नको द्यायला? खिडक्या उघडते, कॅन्डल लावते." हात धुते म्हणावं तितक्या सहज तिने हे सांगितलं.

म्हणजे तो माणूस यायचा तेव्हा घर श्वास घेत असायचं, आणि तो गेला की आई परत घराचं नाक दाबायची. मला आधी हसू आलं आणि मग तुमचा राग आला.

कारण मला आठवतंय, बाबा. नॉटिंगहॅमच्या स्वयंपाकघरातली जाळी तुम्ही वर्तमानपत्र आणि टेप लावून बुजवली होती. मिरचीच्या ठसक्याने आईच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि खिडकी उघडायची नाही. कुणी गोरं माणूस येणार असलं की मात्र ऐन जानेवारीत सगळी तावदानं सताड उघडी, आम्ही मुलं कोट घालून होमवर्क करतोय. शेजारची बाई एकदा दारात येऊन वासाबद्दल काहीतरी बोलली. हसत बोलली, दुपारपर्यंत विसरलीही असेल. तुम्ही तिला किती वेळा सॉरी म्हणालात! आणि दार लावून आईवर ओरडलात, आमच्यादेखत, "तुला कितीदा सांगितलं?" आई हातात सांडशी धरून उभी होती. बाहेरच्या कुणाशी तुम्ही कधी इतक्या मोठ्याने बोलला नाहीत. लॅबमध्ये तुमच्या नाकाला वाफ लागू नये म्हणून काचेचं कपाट, आणि घरी बायकोने धूर गिळायचा? घर भाड्याचं होतं, तुम्ही घाबरला होतात, सगळं मला कळतं. पण भीती तुमची होती आणि खोकला तिचा. तो अजून तिचाच आहे.

"इथे कुणी काही म्हणत नाही गं," मी आईला म्हटलं.

"तुला म्हणत नसतील," ती म्हणाली.

मी बोळा कचऱ्यात टाकला. तिने तो बाहेर काढला, धुतला आणि रेडिएटरवर वाळत घातला. मग मी तिला खुर्चीत बसवलं, स्टोव्ह पुन्हा पेटवला, खिडकी उघडली आणि राहिलेली फोडणी स्वतः केली, लसूण, हिंग, लाल मिरच्या, हातचं राखून काही नाही. स्टोव्ह जळत राहिला. "सगळा वास चाललाय बघ बाहेर," आई कळवळली. "जाऊ दे!" मी ओरडले, पलीकडे ऐकू जाईल असं.

हे कुठे पाठवणार, इथेच राहील. पण आईला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. खिडकी उघडण्याआधी मी पुढच्या खोलीत जाऊन पडदा जरासा सारून पाहिलं होतं. शेजाऱ्यांची गाडी दारात नव्हती.