साक्ष वाहणं

२ जानेवारी
समन्स आलं! १२ तारखेला रत्नागिरीच्या कोर्टात. वर्षापूर्वी पोलिसांना सांगितलं तेच सांगायचं — शेजारच्या अनिलने बायकोला, दीपालीला, चिरेखाणीतल्या पाण्यात ढकललं. काजूच्या बागेतून येताना मी पाहिलं, माणसं आणायला धावले. एवढंच.

५ जानेवारी
दहावीला इंग्रजी वाक्प्रचार शिकवले. 'बेअर विटनेस' — साक्ष देणे. पाहिलेलं खरं म्हणून सांगणे. किंवा एखादी वस्तूच पुरावा ठरणे. फळ्यावर उदाहरण लिहिलं — भिंतीवरचे ओरखडे भांडणाची साक्ष देतात. निशिगंधाने हात वर केला. "बाई, बेअर म्हणजे वाहणं ना? ओझं वाहतात तसं?" हो म्हटलं. "मग आपण साक्ष देतो नि इंग्रज ती वाहतात?" वर्ग हसला. मी फळा पुसला.

६ जानेवारी
सकाळी दार उघडलं तर पायरीवर दीपालीची आई, सखूमावशी. पाठमोरी. "आत या ना." उत्तर नाही. चहा घेऊन आले तोवर गेलेली. काल संध्याकाळी सारवलेलं अंगण अजून ओलं — त्यावर एक पाऊल नाही!

७ जानेवारी
आजही.

८ जानेवारी
आजही. वळून बघत नाही.

९ जानेवारी
अनिलचे वडील आले, आप्पा. टोपी काढून हातात धरलेली. "बाई, कोर्टात म्हणा, लांबून नीट दिसलं नाय. एकुलतं एक पोर आहे माजं." रडले. मला रागसुद्धा येईना.

११ जानेवारी
दीपालीचा भाऊ संदेश मुंबईहून आलाय, उद्या मला कोर्टात न्यायला. म्हटलं, तुझी आई रोज येऊन बसते रे, बोलत का नाही? "आई? बाई, ती दिवाळीपासून माझ्याकडे आहे, नालासोपाऱ्याला. कंबरेचं हाड मोडलंय. कूससुद्धा बदलता येत नाही."
उद्या मागच्या दाराने निघेन.

१२ जानेवारी
अनिलचं नाव घेतलं. बोट दाखवलं. मग त्याच्या वकिलाने विचारलं, "ढकलल्यावर तुम्ही काय केलंत?" उत्तर तयार होतं — या वहीतही तेच लिहिलंय. तोंडातून निघालं भलतंच. "अनिल निघून गेला. ती कातळाला धरून होती. पाव तास हाका मारत होती. मी घाबरले. हललेच नाही."
संदेश समोरच बसला होता.