बाबांचं खळं

प्रिय दादा,

कापणीसाठी तुला कारखान्यातून रजा मिळाली, हे वाचून आधी हसूच आलं. कापायला काही उरलेलं नाही रे. टोळांनी गहू फस्त केला, मग परसातली भाजी, आणि जाता जाता दोरीवरचा तुझा जुना हिरवा सदरासुद्धा. त्यात त्यांना काय चव लागली कोण जाणे, मला तर तो धुतानाही नाक दाबावं लागायचं.

हे टोळ कुठून लांबून आले नाहीत. आपल्याच मातीतले, लहानपणी आपण काडेपेटीत ठेवायचो तेच. यंदा नको तितके वाढले. शेतकी खात्याच्या बाई घसा फोडून सांगून गेल्या होत्या, की माद्या उघड्या, घट्ट जमिनीत अंडी घालतात. बांध, पायवाटा, सगळं नांगरून अंडी उन्हात येऊ द्या. सगळ्यांनी नांगरलं. बाबांनीही नांगरलं, फक्त मळणीचं खळं सोडून. तू येणार म्हणून त्यांनी ते स्वतः पाणी मारून, धुमसाने चोपून गुळगुळीत केलं होतं. त्यावर फाळ घालायचं नाव काढताच काठी घेऊन मधोमध बसले. मीही फार ताणलं नाही. एवढ्याशा जागेने काय होतंय, असं वाटलं.

पिल्लं तिथूनच निघाली. सकाळी खळं काळं दिसलं आणि मग ते काळं चालायला लागलं. आम्ही चर खणला, पत्रे उभे केले, झाडूने झोडपलं. काही उपयोग झाला नाही. आपलं शेत संपवून ती शेजारच्या काकांच्या शेतात शिरली. काका आता आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबा रोज खळं झाडतात. झाडून झालं की पुन्हा झाडतात. जेवायला हाक मारली तर नुसती मान हलवतात. मला फार भीती वाटते, दादा.

तू येऊ नकोस. तुझा उतरलेला चेहरा त्यांना सोसणार नाही. त्यापेक्षा त्यांना पत्र लिही, की खळ्याला हात लावू देऊ नकोस असं तूच मला कळवलं होतंस, म्हणून मी गप्प बसले. खोटं आहे, पण दोष आपण दोघं वाटून घेऊ. मी तोंडाने सांगून पाहिलं, त्यांना पटलं नाही. तुझं अक्षर मात्र ते ओळखतात. लगेच लिही. आज त्यांनी झाडू घेतलेलाच नाही, सकाळपासून खळ्यात मधोमध बसून आहेत.

तुझीच,
बारकी