मान थोडी तापली आहे

२५ ऑगस्ट, रविवार
सकाळी टेकडीवर गेलो. चुसॉकचा सण येण्याआधी हिच्या थडग्यावरचं गवत काढायचं होतं. ही गेल्यानंतरचं पहिलंच वर्ष. काढलं. संध्याकाळी परत. मान आणि टक्कल थोडं तापलं आहे. मला उन्हाचा त्रास होत नाही. सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात झाली. मुलीचा, यंग्जूचा, सोलहून फोन. "रविवारी येते, बाबा. तुम्हाला झेपत नसेल तर पुढच्या वर्षीपासून शेतकरी सोसायटीची गवत कापणारी माणसं लावू." झेपलं, असं सांगितलं. हे काम मी दुसऱ्याला देणार नाही. रविवारपर्यंत मान पूर्ववत करायची. सोपं आहे.

२६ ऑगस्ट
उशीवर मान टेकवत नाही. काकडीच्या चकत्या लावल्या. पूर्वी ही लावून द्यायची. मानेवर राहत नाहीत, आणि पालथं झोपलं तर टकलावरच्या घसरतात. दुसरं माणूस लागतं असं नाही, पद्धत चुकत असावी. पडलेल्या चकत्या खाल्ल्या.

२७ ऑगस्ट
काकड्या संपल्या. किमचीच्या, म्हणजे लोणच्याच्या, फ्रिजमध्ये एक बरणी आहे. हिने जाण्याआधी मिठाच्या पाण्यात काकड्या घातल्या होत्या. अजून उघडली नव्हती. मला खारट सोसत नाही. शेवटी काकडी ती काकडीच. नळाखाली धुऊन मानेला लावल्या.
दुपारी ३. डोळ्यांतून पाणी. मिठामुळे. बरणी पुन्हा घट्ट बंद करून ठेवली.

२८ ऑगस्ट
मेहुणी ओक्जा बाजारातून परस्पर आली. मानेवर टॉवेल होता, तो तिने ओढला. म्हणाली, "दाजी, ही मान आहे की भाजलेलं रताळं?" आयुष्यभर उन्हात जमिनी मोजल्या, असं मी म्हणालो. "तुम्ही पंख्याखाली बसून नकाशे रंगवत होतात. ताईने सगळं सांगितलंय मला." मग विचारलं, एवढ्याशा जागेचं गवत तासाभरात निघतं, संध्याकाळपर्यंत तिथे काय करत होतात? गवत कापायचं यंत्र गार व्हायची वाट बघत होतो, म्हटलं.
"दिवसभर?"
मोठं यंत्र आहे, असं सांगितलं. त्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली. बटाटे किसायला बसली. किसात मैदा कालवून मानेला लेप लावला. गार वाटलं. यंग्जूला सांगू नकोस म्हटलं, तर म्हणे, "मी कशाला सांगू? मान सांगेल."

३० ऑगस्ट
आज लेप स्वतः केला. एकट्याला सहज जमतो. खुर्चीत डोळा लागला आणि तो वाळून कडक झाला. तेवढ्यात यंग्जूचा व्हिडिओ कॉल. डोक्यावर काय आहे, म्हणाली. बटाट्याची धिरडी करतोय, पीठ उडालं असेल, असं सांगितलं.
"मानेवर पण, बाबा?"
धिरडं उलटताना मी वळलो होतो.
धुताना लेपाबरोबर कातडीही निघाली. ही प्रगती आहे. खाली नवी आहे.

१ सप्टेंबर, रविवार
यंग्जू आली. मी कॉलरचं वरचं बटणही लावलं होतं. घाम आला, पण मान दिसत नव्हती. जेवताना ती सूप वाढायला मागून आली आणि तिथेच थांबली. कुंडीतल्या कोरफडीचं पान कापून आणलं, कॉलर खाली केली आणि बराच वेळ गर लावत बसली. ओरडली नाही, म्हणजे जिंकलो, असं वाटलं.
मग म्हणाली, सोसायटीच्या माणसांचं तिने परवाच, व्हिडिओ कॉल झाल्यावर, पक्कं केलंय. "रागावू नका, बाबा. आईकडे मी नेईन ना तुम्हाला. तुम्ही सावलीत बसा."
रागावलो नाही. सोयीचंच आहे. मीही तेच सुचवणार होतो.

२ सप्टेंबर
यंग्जू काल रात्रीच्या गाडीने गेली. पुढच्या वर्षी ती माणसं नीट कापतात की नाही हे कळायला आत्ताची उंची पाहून ठेवणं गरजेचं होतं. म्हणून ऊन चढण्याआधी टेकडीवर गेलो. गवत वाढलेलं नाही. कडेला दोन-चार काड्या होत्या. हाताने उपटल्या.