सुई उचलायची राहिली

अप्पा, मंडळ बंद केलं. गेल्या रविवारी. हे कसलं मंडळ, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याला फोन आला तर शेजारणीच्या घरात जाऊन घ्यावा लागायचा. तरी सांगायला दुसरं कुणी सुचेना. घरात सांगितलं तर हे म्हणाले, "बरं झालं, सुटलीस एकदाची," आणि पेपरचं पान उलटलं. त्यांचंही चूक नाही. दर रविवारी सकाळी बायको मोबाइल पुढ्यात घेऊन मुकी बसते आणि पोहे गार होतात, हे ज्यानं इतकी वर्षं सोसलं त्यानं आणखी काय म्हणावं? सुटले खरी. पण सुटल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं काही झालं नाही. मांडव काढल्यावर दारातली जागा नुसतीच मोठी दिसायला लागते ना, तसं झालंय. थकलेय मी अप्पा, एवढंच कळतंय.

शुक्रवार पेठेत गल्लीच्या तोंडाशी आपलं हॉटेल. हॉटेल आपलं म्हणायचं. चार बाकडी, आत आईचा स्टोव्ह, आणि गल्ल्याशेजारी फडक्याखाली झाकून ठेवलेला चावीचा ग्रामोफोन. त्या काळीसुद्धा तो जुनाटच होता. बाकीच्या हॉटेलांत दिवसभर रेडिओ ठणाणा करायचा, तुम्ही मात्र दुपारी एकदाच, गिरणीची पाळी सुटलेली आणि पाळीला निघालेली माणसं एकत्र यायची त्या वेळेला, बाईंची तबकडी लावायचात. तुम्ही त्यांना कधी नावानं म्हटलं नाहीत, नुसतं 'बाई', म्हणून पुढं आम्हीही तेच म्हणत राहिलो. थोड्याशा तबकड्या काढून गाणं सोडून कुठं संसाराला लागलेली एक गायिका, आणि तिच्यापायी तुम्ही धंद्याला खोट लावून घेत होता! तबकडी चालू असेस्तोवर चहा द्यायचा नाही, कपबशी वाजवायची नाही, अक्षर बोलायचं नाही. बोलेल त्याला पुढचा चहा बंद. स्टोव्हची घरघर नको म्हणून तुम्ही आत येऊन त्याची हवा सोडायचात आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची. "दूध काय गाणं ऐकून तापतंय व्हय?" तुम्ही म्हणायचात, "तापंल की, जरा दम धर." यंत्रमागावरची तेलुगू माणसं यायची, त्यांना गाण्यातले निम्मे शब्द कळत नसणार, पण तीही हात मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसायची. एकदा ऐन गाण्यात गिरणीचा भोंगा झाला. तुम्ही सुई उचललीत, भोंगा संपू दिलात, चावी दिलीत आणि गाणं परत पहिल्यापासून लावलंत. पाळीला उशीर होत होता तरी कुणी उठलं नाही. गाण्यासाठी बसायची की तुमच्या भिडेखातर, देव जाणे.

मी चौथीत असेन. शाळेतून आलं की ग्लास विसळायचे हे माझं काम. त्या दिवशी ते गाणं लागलेलं आहे, ज्यात बाई शेवटच्या ओळीआधी अशा थांबतात की ऐकणाऱ्याला वाटावं झालं. मला वाटतं झालं. मी विसळलेल्या ग्लासांचा ट्रे ओट्यावर दाणकन ठेवते. सगळी बाकडी माझ्याकडं बघतात. तुम्ही तेवढे बघत नाही. शेवटची ओळ येते, ती संपते, मग तबकडीची नुसती खरखर सुरू होते, आणि तरी तुम्ही आपले डोळे मिटून बसलेले. खूप वेळानं तुम्ही सुई उचलता, तबकडी पुसता, आणि मग विचारता, "संपलं म्हणून तुला कुणी सांगितलं?" मी म्हणते, "बाई थांबल्या की, अप्पा." तुम्ही म्हणता, "थांबू दे. सुई उचलीस्तवर काय संपत न्हाई. खरखर ऐकू येतीया तवर बाई हितंच हायत. कळलं का?" मला डोंबल कळलं होतं. आज आपला चहा बंद, एवढंच कळलं. आईनं आत बोलावून गुपचूप दिला, मी स्टोव्हच्या आडोशाला बसून प्याले. तुम्हाला ते दिसत होतं. तुम्ही उगीच रस्त्याकडं तोंड करून बसून राहिलात.

माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली आणि तुम्ही ग्रामोफोनच्या सुयांची डबी दिलीत. ग्रामोफोन मागनं पाठवतो म्हणालात. सासूबाईंनी डबी उघडली, सुई उजेडाला धरली आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिला नेढंच नाही!" ती गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. पुढं गिरण्यांचे भोंगे बंद होत गेले, गिऱ्हाईक आटलं, हॉटेल गेलं, आणि दोन-चार उन्हाळ्यांत तुम्हीही गेलात. ग्रामोफोन आला तो असा, तुमच्या मागनं. त्याची स्प्रिंग तुटली ती कुणाला बसवता आली नाही. सुया मात्र तशाच आहेत.

मग ते इंटरनेट आलं. शाळेच्या ऑफिसात मी कारकून, ऑफिस सुटलं की सात रस्त्याला एका कॅफेत तासभर बसायला लागले. सगळे तिथं नोकऱ्या शोधायचे, मी बाईंना शोधायची. एका ठिकाणी परदेशात राहणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारलेलं दिसलं, ह्या बाईंची गाणी कुणाकडं आहेत का? अप्पा, मला तिथंच रडू आलं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस घाबरून उठला. मला आजवर वाटायचं की बाई जगात फक्त आपल्या हॉटेलातल्या माणसांनाच ठाऊक आहेत. डॉक्टरांनी आणि मी मिळून वेबसाइट काढली, तिला 'मंडळ' नाव दिलं. कुणाकडं कॅसेट होती, कुणाकडं फुटकी तबकडी, कुणाकडं नुसती आठवण. सगळी गाणी गोळा होऊन प्रत्येकाकडं पोचली. आणि मी तुमचा नियम लावला. रविवारी सकाळी मी मंडळावर लिहायचं, 'सुई ठेवली'. लगेच जो तो आपापल्या घरी तेच गाणं लावणार. मी 'सुई उचलली' असं लिहीपर्यंत कुणी अक्षर लिहायचं नाही. लिहील त्याला पुढचा रविवार बंद. लोक हसले आधी, पण पाळायला लागले. गाणं संपल्यावर मीही तुमच्यासारखी थोडी खरखर जाऊ द्यायची. कुठल्या कुठल्या गावची माणसं, एकमेकांचं तोंड न पाहिलेली, एकाच वेळी गप्प बसलेली असायची. हॉटेल परत उघडल्यासारखं वाटायचं मला. हे मी कुणाला बोलले नाही.

पण चालवणं म्हणजे काय असतं ते तुम्ही आईला विचारायला हवं होतं, आणि मला कुणी आधी सांगायला हवं होतं. रोज उठून कर्जाच्या आणि वजन कमी करायच्या जाहिराती पुसा. ह्यानं त्याला असं म्हटलं, त्याची समजूत काढा. बाई कुठं गेल्या ह्यावर भांडणं, बाईंचा खरा फोटो कुठला ह्यावर भांडणं. मग माणसं जायला लागली. काही रुसून गेली, काही व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवायला गेली, आणि बरीचशी कायमची. डॉक्टर गेले ते त्यांच्या मुलीनं दोन ओळींत कळवलं. मंडळावर श्रद्धांजली लिहून लिहून माझे शब्द संपले, शेवटी शेवटी एकाचं दुसऱ्याला चिकटवायला लागले. गेल्या वर्षी कुणीतरी बाईंचं 'नवीन सापडलेलं' गाणं टाकलं. ते कॉम्प्युटरनं बाईंच्या आवाजात बनवलेलं होतं. लोक म्हणाले, काय हरकत आहे, गोड तर आहे. मला वाद घालता आला असता. उठून भाजी निवडायला बसले. त्या दिवशीच मला कळलं की आता आपल्याच्यानं होणार नाही.

बंद करतेय असं लिहिल्यावर बहुतेकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मोडनिंबच्या मामांनी तेवढा फोन केला. ते मंडळातलेच, हायवेला त्यांचं टायर-ट्यूबचं दुकान आहे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामी गेल्यापासून एकटेच असतात. रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि बसायचं, हा त्यांचा नेम. "ताई, बंद नका करू," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, गाणी सगळी तुमच्याकडं आहेतच की. केव्हाही लावा." तर म्हणाले, "लावायला काय, रोजच लावतो की. एकट्यानं गप बसायचं लई जड जातं, ताई. गप बसायला सोबत लागती." "दमले हो मामा," एवढंच म्हटलं. त्यांच्या मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग म्हणाले, "व्हय. दमला असाल. तुमीच किती ओढायचं." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटचा रविवार. कुठलं गाणं, हे विचारावंच लागलं नाही. ज्यात बाई शेवटी थांबतात तेच. वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, दुपारी बारा वाजता कुलूप लाव. मग वाचता येईल, पण कुणाला काही लिहिता येणार नाही. सकाळी सगळे आले, बरेच दिवस न फिरकलेलेही आले. जो तो म्हणत होता, मी दोन शब्द लिहून ठेवलेत, सुई उचलली की टाकतो. मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसले होते. ह्यांनी स्वतःहून मिक्सर थांबवला, बाहेर गेले, दार लोटून घेतलं. मी लिहिलं, 'सुई ठेवली'. आणि अप्पा, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी उठून गॅस बंद केला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी स्टोव्हची हवा सोडतेय.

बाई थांबल्या. शेवटची ओळ झाली. मी खरखर जाऊ दिली. आता लिहायचं होतं. मी मोबाइल हातात घेतला, परत ठेवला. तिकडं सगळे आपापले दोन शब्द धरून बसलेले, कुणी अक्षर लिहीना. शिस्तच तशी लागलेली. पुढचा रविवार बंद व्हायची भीती कुणाला असणार, पुढचा रविवारच नव्हता, तरी नाहीच. ह्यांनी दार ढकलून एकदा डोकावून पाहिलं आणि तसेच मागं गेले. मी बसून राहिले. बारा वाजले आणि कुलूप लागलं. सगळ्यांचे निरोपाचे शब्द त्यांच्या त्यांच्याकडंच राहिले.

दुपारी मामांचा फोन. "ताई, सुई उचलायची राहिली वाटतं. मी बसलोय अजून."

मी म्हटलं, "अहो मामा, दारात गॅसवाला आला. सिलेंडर घेण्याच्या गडबडीत विसरलेच बघा. आणि परत येईस्तोवर बारा वाजून गेले."

"आसं व्हय," म्हणाले. "मग आता कसं? आता तर काय लिवता बी येत न्हाई."

"नाही येत."

"मग ऱ्हाऊ द्या तशीच," मामा म्हणाले. "मी दुकान उघडतो. तुमी जेवून घ्या." आणि फोन ठेवला.

त्याला आता तीन-चार दिवस झाले. मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना भेटतात, उन्हाळ्याचं बोलतात, दुखण्यांचं बोलतात, पण त्या रविवारबद्दल अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही. मला कुणी बोल लावत नाही. हे पत्र मी मंडळावरच लिहितेय, जिथं नवीन मजकूर लिहायचा तिथं. चौकट अजून उघडते, अक्षरं उमटतात, फक्त खालचं 'पाठवा' दाबलं तर काही होत नाही. माझंच कुलूप. पान मिटलं की हे सगळं जाईल, त्याला माझी हरकत नाही.

तुम्ही असतात तर ट्रे आदळल्यावर जसं बघितलं नाहीत तसंच आताही बघितलं नसतंत, रस्त्याकडं तोंड करून बसला असतात. म्हणून तुम्हाला सांगते. रविवारी गॅसवाला येत नाही, अप्पा.