चराच्या पलीकडे गेलेल्या दूर्वा

११ फेब्रुवारी
अमेरिकेतल्या अल्फारेटातली आमची सगळी गल्ली काथ्याच्या रंगाची झालीय. इथलं गवत थंडीत झोपतं. एकट्या शेजारच्या हॉलिसचं लॉन हिरवंगार. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, मूळचा इंग्लंडचा, आणि तिकडच्या जातीचं गवत जॉर्जियाच्या उन्हात हट्टाने जगवतो. अनिलचं म्हणणं, वेडा आहे. असेल. असलं वेड या माझ्या नवऱ्याला असतं तर निदान घरातल्या कुंड्या जगल्या असत्या.

२ मार्च
हॉलिसकडे चहा. त्याच्या दृष्टीने आपण चहा उकळतो हा गुन्हाच. आज लॉनचा इतिहास निघाला. पूर्वी लॉन फक्त बड्या जमीनदारांकडे. मेंढ्या चरायच्या, नाहीतर माणसं पहाटे, दव असतानाच, लांब दांड्याचे विळे चालवायची. मग गिरणीत कापडावरची लव कापणारं यंत्र बघून कुणालातरी गवत कापायचं यंत्र सुचलं, तेव्हा कुठे साध्या घरांपर्यंत लॉन पोचलं. हॉलिसच्या वडिलांचं दोन चादरींएवढं होतं. त्यावर तो आणि धाकटी बहीण मॉली अनवाणी हुंदडायची.
मॉली ऑक्टोबरअखेर येतेय. इथे पहिल्यांदाच, आणि बहुधा शेवटचं. तिला आता प्रवास झेपत नाही. तिला पुन्हा तसं अनवाणी चालवायचंय, म्हणाला. बाकी काही नाही.

१९ मार्च
गणपतीसाठी दूर्वा लावल्या. गल्लीत तेच गवत आहे म्हणा, पण सगळं औषध फवारलेलं. देवाला कसं वाहायचं? आमच्या आणि हॉलिसच्या हद्दीवर अरुंद चर आहे. आमच्या बाजूची माती भुसभुशीत, त्याचं पाणीही पोचतं. आयती जागा.

२४ एप्रिल
हॉलिसच्या बागेत स्वीट पी फुललीत. वाटाण्याच्या घराण्यातली, पण फक्त वास घ्यायची. जितकी खुडाल तितकी येतात म्हणे. ओंजळभर दिली. मागे फॉक्सग्लव्हचे उंच तुरे. हृदयाच्या रोग्यांना डिजॉक्सिन जन्मभर लिहून दिलं, ते ज्या कुळातून आलं ते झाड आज पाहिलं. निवृत्त डॉक्टरला हे वाफ्याशी उभं राहून शिकवणारा माणूस! मला त्याचा फार हेवा वाटतो.

६ जुलै
घोळ. दूर्वांनी चर ओलांडला. तो चर हेच गवत अडवायला होता. दरवर्षी हाताने खणतो तो. आणि मी नेमक्या त्याच्याच काठावर...
हॉलिसने एक धुमारा उचलून बघितला. मग विचारलं, "डॉक्टर, हे तुम्ही मुद्दाम लावलंत?"
हो म्हणाले. देवासाठी, म्हणाले.
"कुठल्या देवाला तण लागतं?"
गणपतीबद्दल सांगितलं. ऐकून घेतलं, हसला नाही. औषध मारावं तर त्याचंही गवत मरणार. म्हणजे हातानेच काढायचं.
शेतकऱ्याची मुलगी मी. बाबा बांधावर हरळीला शिव्या घालायचे आणि देव्हाऱ्यात तीच वाहायचे. मला कळायला नको?

७ जुलै
माझ्या बाजूच्या सगळ्या आधी मुळासकट उपटल्या. मग त्याच्या. दोघं गुडघ्यांवर. अनिलने सरबत आणलं आणि "यू गाईज आर क्रेझी यार" म्हणून एसीत पळाला.

१८ ऑगस्ट
लॉन अर्धं टकलं. उरलेलं उन्हाने करपलंय. माझ्या जिवाला नुसती टोचणी. हॉलिस मात्र हातभर लांब मुळी उन्हात धरून म्हणतो, काय चिवट जात आहे. शत्रूचं असं कौतुक करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

१३ सप्टेंबर
उद्या गणपती. यंदा दूर्वांऐवजी अक्षता वाहायच्या, असं मनाशी ठरवलं होतं. सकाळी दारात हॉलिस, हातात कुंडी. जुलैत एक मुळी ठेवून घेतली होती, मागच्या डेकवर वाढवली, कसलंही औषध न मारता. शिवाय तीन पानांचे एकवीस कोंब खुडून, बागेच्या हिरव्या सुतळीने बांधून आणले होते. अनिलला विचारून घेतलं होतं म्हणे. जुडी वेडीवाकडी. मी तिथेच रडले.
तो म्हणाला, "कुंडी जमिनीवर ठेवू नका, एवढंच."

१६ सप्टेंबर
काल पाच दूर्वा प्रसाद म्हणून दिल्या. त्याने खिशाला लावल्या. आज लॉनमध्ये नवं बी पेरलं. मी पाणी घातलं.

२७ सप्टेंबर
मॉलीचं तिकीट झालं. टकल्या भागात पोपटी टोकं दिसतायत. दोघं चष्मे लावून ओणवे झालो. इतकं कोवळं असताना त्याचं गवत कुठलं आणि माझ्या दूर्वा कुठल्या, मला काही सांगता येईना. मी एक टोक उपटायला चिमटीत धरलं.
"नको," हॉलिस म्हणाला. "त्याला जरा मोठं होऊ द्या."