पेबरची सुई

२२ डिसेंबर

शेवटी मांजराला बरोबर घेतलंच. दरवर्षी त्याला खाऊ घालणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या बाई यंदा बहिणीकडे गेल्या. कोपनहेगनपासून सासरच्या स्ट्रुअरपर्यंत पेबर पिंजऱ्यात ओरडत होता. समोरचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला. माझ्या मांडीवर पिंजरा, पायाशी इंजेक्शनांची गार पिशवी. ट्रोल्स झोपला. नवरे कुठेही झोपतात!

स्टेशनवर सासूबाई गाडी घेऊन आल्या होत्या. पिंजऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे घरात राहणार?"

"हो, आई," ट्रोल्स म्हणाला.

घरी पोचल्या पोचल्या इंजेक्शनांचा डबा फ्रिजमध्ये लपवला, लाल कोबीच्या पातेल्यामागे. दहा मिनिटांत सासूबाईंचा आवाज — "हा कसला डबा गं?"

मी तोंड उघडायच्या आत ट्रोल्स — "पेबरचं औषध. त्याला मधुमेह झालाय. रोज संध्याकाळी सातला सुई."

मधुमेह! धडधाकट बोक्याला!

वर खोलीत त्याच्यावर भडकले. तो म्हणाला, "मग काय सांगू? की मूल होत नाही म्हणून पाचव्यांदा सुया घेतेय? आधीच्या चार वेळचं तिला काहीच माहीत नाही, आणि आता…" मला भांडायला जोर नव्हता.

२३ डिसेंबर

बरोबर सातला खालून हाक — "विबेके, मांजराची सुई!"

पेबरला काखेत मारून न्हाणीघरात गेले. त्याला कपड्यांच्या टोपलीवर बसवलं, स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला आणि टोचून घेतलं. तो पंजा चाटत बसला होता.

बाहेर आले तर सासूबाई, आस्टा, दाराशीच. "हूं की चूं केलं नाही गं त्यानं! शहाणं बाळ."

बाळ म्हणाल्या.

२४ डिसेंबर

बदक, साखरेत घोळवलेले बटाटे, कोबी. नणंद मेरेटे दोन्ही मुलींना घेऊन आली. सगळ्यांनी हात धरून ख्रिसमसच्या झाडाभोवती फेर धरला, गाणी म्हटली. माझं पोट फुगून दगड झालेलं. प्रत्येक पाऊल ओटीपोटात कळत होतं.

मुली पेबरला बदकाची कातडी द्यायला गेल्या तशा आस्टा खेकसल्या — "आजारी आहे तो! साखर वाढेल!" सणाच्या दिवशी बिचाऱ्याला उकडलेला मासा.

मेरेटे हसली. "लोक ख्रिसमसला पोरं घेऊन येतात, तुम्ही रोगी मांजर!"

ट्रोल्सनं काटा खाली ठेवला. काही होऊ नये म्हणून मी भाताची खीर मागितली. दुसऱ्यांदा. नको असताना संपवली.

२५ डिसेंबर

दिवसभर पडून. पोटावर टोचायला जागा उरली नाही.

२६ डिसेंबर

हे लिहायला हवं.

संध्याकाळी सातला आस्टा न्हाणीघरात माझ्या मागोमाग आत आल्या, दार लावून घेतलं. "मला शिकव. आज मी टोचते. तू जरा पड. आरशात तोंड बघितलंस?"

"नको, तो चावतो."

"चाळीस वर्षं डुकरांना टोचलंय मी. बोका काय चावणार!" माझ्या हातातून सुई घेतली. दुसऱ्या हातानं पेबरची मानगूट धरली. सुई त्याच्या मानेजवळ गेली आणि मी ओरडले, "त्याला नको! त्याच्यासाठी नाहीये ती!" स्वेटर वर केला. सगळं पोट निळंहिरवं.

त्या दचकल्या नाहीत. मांजर खाली सोडलं. "बस," म्हणाल्या. मी बसले.

"डब्यावर तुझं नाव छापलंय, पोरी, औषध कशाचं तेही. पहिल्याच दिवशी वाचलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आज राहवेना. त्याला थोडीच टोचणार होते!"

मग खाली वाकून त्यांनी डाव्या बाजूला, जरा बऱ्या कातडीवर, सुई दिली. कळलंसुद्धा नाही.

"कितवी खेप?"

"पाचवी."

त्यांनी सुईला टोपण लावलं. नंतर म्हणाल्या, "आणि तुला अजून हवंय?"

डॉक्टर तारखा विचारतात. ट्रोल्स दुखतंय का विचारतो. हे कुणीच विचारलं नव्हतं. नुसती रडले. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून.

२७ डिसेंबर

परतीची गाडी. निघताना आस्टांनी पेबरला स्वतः पिंजऱ्यात ठेवलं. त्याआधी त्याला बदकाचा तुकडा! "मधुमेह बरा झाला याचा," ट्रोल्सच्या तोंडावर म्हणाल्या. तो कानापर्यंत लाल झाला. त्यांचा प्रश्न मी त्याला सांगितलेला नाही. वाटेत तीनदा सांगणार होते.

२९ डिसेंबर

आठ वाजता तपासणी होती. दवाखान्याच्या दारात पाय अडले. म्हणाले, "मला आत जायचं नाही. आजही नाही, यापुढेही नाही." वाटलं, ट्रोल्स कोसळेल. तो तिथंच ओल्या पायरीवर बसला, माझा हात धरून. म्हणाला, "विबेके, मला दुसऱ्या खेपेलाच थांबायचं होतं. तुला हवंय म्हणून गप्प राहिलो."

मी तर त्याच्यासाठी करत होते!